उन्हाळी

हे लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे असल्या गोष्टी कुणाला विचारायच्या, हे मला सांगणारं कोणी नव्हतं. माझ्यासारखा आणखी कोणी असेल, त्याच्यासाठी लिहितो आहे.

पुण्याला वसतिगृहात माझ्या खोलीत एक मित्र होता. दोघांनाही गावची सवय, म्हणून साबण, कंदील, पंचा, सगळं सामाईक. दिवाळीच्या सुट्टीत तो मुंबईला चुलतभावांकडे गेला होता आणि परतल्यापासून गप्प असे. माघात एकदा त्याने मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. भावांनी त्याला एका बाईकडे नेलं होतं. नंतर आठवड्याच्या आत लघवीला आग सुरू झाली, पू जाऊ लागला. त्याला परमा झाला होता.

त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. फक्त म्हणाला, "आता काय करू?"

मी काय केलं, ते सांगताना आजही मान खाली जाते. मी मनातल्या मनात मोजत होतो, की दिवाळीपासून आपण त्याचा पंचा किती वेळा वापरला. दुसऱ्या दिवशी मी रेक्टरांकडे जाऊन सांगितलं, की खोलीत ढेकूण फार झाले आहेत, मला दुसरी खोली द्यावी. मी वळकटी उचलून नेली तेव्हा तो खाटेवर बसून होता. "ढेकूण होय," एवढंच तो म्हणाला.

जाण्याआधी मी एक वाईट काम केलं. औषध विकणाऱ्या कुणा वैद्याची एक पुस्तिका त्याच्या उशीखाली असे. तिच्यातलं परम्याचं पान मी फाडून घेतलं आणि तर्कशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं. रोज ते वाचून मी स्वतःला तपासत असे. त्यात रोगाची खूण म्हणून आग लिहिली होती. शिवाय असं लिहिलं होतं, की अडाणी माणसं या आगीला उन्हाळी समजून घरगुती उपाय करत बसतात आणि सगळ्या वंशाचा नाश ओढवून घेतात.

परीक्षा देऊन मी पोशीरला घरी आलो. वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. मुलगी खालापूरकडची, एकोणीस वर्षांची. तिच्या वडिलांच्या लांबलेल्या दुखण्यामुळे लग्न दोनदा पुढे गेलं होतं. मी तिला एकदाच पाहिलं होतं. तिने माझ्याकडे न बघता विचारलं होतं, की कॉलेजात बायकांनाही शिकवतात का. तो प्रश्न मला फार आवडला होता.

घरी येऊन चार दिवस बाबांबरोबर राब भाजायला गेलो. भाताच्या रोपांची जागा पातेरा आणि शेण पसरून भाजायची, हे काम मी लहानपणापासून केलेलं. पण दोन वर्षं सावलीत बसून अंग नाजूक झालं होतं. वर ऊन, खाली आगीची धग. पाचव्या दिवशी सकाळी लघवीला बसलो आणि आग झाली.

मी तिथेच कुडाला धरून उभा राहिलो. 

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की लघवीला जायची भीती बसली, म्हणून मी पाणी पिणं जवळजवळ सोडलं. दिवसाकाठी दोन भांडी. आग वाढत गेली आणि ती वाढते आहे म्हणून माझी खात्री होत गेली. माझं पाण्याचं भांडं मी घरच्यांपासून वेगळं ठेवू लागलो. विहिरीत वाकून बघणं टाळू लागलो, कारण बघितलं की मनात नको ते येई. दारात मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. त्या दिसल्या की मला ती मुलगी दिसे, आणि तिच्या मागे पुस्तिकेतलं ते वाक्य. लग्न मोडा म्हणावं तर कारण काय सांगायचं? आणि गप्प राहावं तर तिचा काय दोष?

आयच्या लक्षात आलं. मी परसातून येताना तिने माझं तोंड बघितलं असणार.

"उन्हाळी लागली हाय तुला," ती म्हणाली. "सांगायचं नाय व्हय रं?"

तिने धणे-जिऱ्याचं पाणी केलं. ठेवणीतली पळसाची सुकी फुलं उकळली आणि ओटीपोटावर ठेवायला दिली. बाबा ओटीवरून म्हणाले, की सरकार पुण्याला सगळं शिकवतं, फक्त पाणी प्यायला शिकवायचं राहिलं. सगळे हसले. मी ते पाणी घेऊन परसात गेलो आणि केळीच्या बुंध्याशी ओतलं. आय उन्हाळी म्हणाली, आणि पुस्तिकेत नेमकं तेच लिहिलं होतं. ती अडाणी ठरली आणि मी शिकलेला.

हळदीला आठ दिवस राहिले तेव्हा मी नेरळला जाऊन गाडी धरली आणि कर्जतच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडरला ताप म्हणून सांगितलं. आत गेल्यावर मी ते फाडलेलं पान टेबलावर ठेवलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पान वाचलं आणि उठून दार लावलं.

"कुणाकडे गेला होतास?"

"नाही."

"खरं सांग. मी तुझा बाप नाही."

"कुणाकडेच नाही. मित्राला आहे. त्याचा पंचा वापरला."

त्यांनी मला तपासलं. काचेच्या भांड्यात लघवी घ्यायला लावली आणि खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिली. मी खिडकीच्या गजांकडे बघत होतो. गज सात होते.

"पाणी किती पितोस?"

मी सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. म्हणाले, "पंच्याने हा रोग असा लागत नाही. तुला उन्हाळी लागली आणि तू पाणी तोडून ती पोसलीस. चार दिवस पोटभर पाणी पी आणि मग मला दाखव. राहिली तर पुढचं बघू. तोवर लग्न मोडायचं नाही आणि जीवही द्यायचा नाही."

जीव द्यायचं मी त्यांना बोललो नव्हतो. तरी ते म्हणाले आणि मी रडलो. बाहेरच्या माठातलं लोटाभर पाणी त्यांनी मला समोर बसवून प्यायला लावलं.

चार दिवस मी आय देईल ते सगळं प्यालो. तिसऱ्या दिवशी आग थांबली. चौथ्या दिवशी दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा काच उजेडात धरली आणि मान हलवली. मी नमस्कार करून उठलो, तेव्हा ते म्हणाले, "आणि तो? ज्याचा पंचा होता?"

 त्याचं औषध चालू आहे का, तो गावी गेला का, जिवंत आहे का, काहीच मला ठाऊक नव्हतं. मी जे पंधरा दिवस सोसलं, ते तो दिवाळीपासून एकटा सोसत होता, आणि त्याचं दुखणं खरं होतं.

घरी येऊन त्याच्या गावच्या पत्त्यावर पाकीट टाकलं. ढेकूण नव्हते, हे आधी लिहिलं. मग पान फाडल्याचं, पाण्याचं आणि डॉक्टरांचं.

लग्न झालं. मांडव उतरवला त्या दिवशी त्याचं कार्ड आलं. उघडं कार्ड, कुणीही वाचावं असं. बाबांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. एवढंच होतं: पत्र पोचले. तुमच्याकडील उन्हाळीवर जे औषध देतात त्यांची गाठ घालून द्यावी.

"त्याला पण उन्हाळी?" आय चुलीपाशी बसूनच म्हणाली. "धनं-जिरं घाल म्हनावं पान्यात. अन् इकडं बोलाव त्याला. एकटा नको ऱ्हाऊ म्हनावं."

मी त्याला दिवस कळवला आणि पुढच्या सोमवारी कर्जत स्टेशनावर उभा राहिलो. तो उतरला तेव्हा फार वाळलेला दिसला. खांद्यावर तोच पंचा. दवाखान्यापर्यंत आम्ही चालत गेलो. कंपाउंडरने कुणाला काय होतंय म्हणून विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

"याला डॉक्टरांशीच बोलायचं आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी त्याला आत घेऊन दार लावलं. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. त्याचा पंचा माझ्या मांडीवर होता. आत जाताना त्याने तो माझ्याकडे द्यावा की नाही, असं करत क्षणभर हातातच धरला होता, आणि मी हात पुढे केला होता.  पंच्याची घडी मी घालत होतो आणि पुन्हा मोडत होतो.