बाटली आईची, कागद माझा

दारूचा थेंब मी जन्मात जिभेला लावलेला नाही, तरी लग्न होईपर्यंत आमच्या वटार गावात मला ‘दारूवाली’ म्हणत. म्हणोत बापडे! विहिरीवर गेले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "आली बघ दारूवाली." मी मुद्दाम त्यांच्या मधूनच घागर घेऊन जायची. माझा गुन्हा काय, तर मी वाइनच्या बाटल्यांवरची लेबलं काढून जपून ठेवायची.

बाबा बोटीवर होते. साहेबलोकांच्या टेबलावर वाढायचं त्यांचं काम. वर्षा-दीड वर्षानं घरी यायचे आणि येताना गोणपाटात गुंडाळून बाटल्या आणायचे. भरलेल्या नव्हे हो, रिकाम्या! त्या काळी घरात बाटली म्हणजे मोलाची वस्तू. खोबरेल, शिरका, रॉकेल, सगळं तिच्यात भरायचं. पण लेबल चिकटलेली बाटली आईला खपायची नाही. शेजारीण तेल मागायला आली आणि ते दारूचं चित्र तिच्या नजरेला पडलं, की झाली गावभर चर्चा. म्हणून बाटल्या आल्या रे आल्या की आई राख आणि काथ्या घेऊन घासायला बसायची. मी लहान होते. एकदा तिच्या हातातून बाटली ओढून घेतली आणि असं भोकाड पसरलं, की काका अंगण ओलांडून बघायला आले. तेव्हा बाबांनी निवाडा दिला, "बाटली आईची, कागद पोरीचा." त्यावर आमच्या घरात पुन्हा वाद झाला नाही.

लेबल काढायची रीतही बाबांचीच. बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरायचं, बूच मारायचं, वरून ओला पंचा गुंडाळायचा आणि तिला आडवी ठेवून द्यायची. घाई केली की कागद फाटलाच. कोपरा आपण होऊन सुटला, की मग हळूच बोट आत सरकवायचं. सुटलेलं लेबल केळीच्या पानावर पसरायचं, कारण मागे खळ राहिली असली तरी त्या गुळगुळीत पानाला ती धरत नाही. पान मात्र आदल्या दिवशी तोडलेलं हवं, नाहीतर चिकाचा डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही.

कोपरा सुटेपर्यंत बाबा शेजारी बसून बोलत. ही बाटली कुठल्या बंदराबाहेर उघडली, कुठल्या मडमेनं एक घोट घेऊन पेला परत पाठवला, त्या दिवशी समुद्र इतका खवळलेला की ताटं कशी टेबलावरून घसरत होती. लेबलावरची अक्षरं ना त्यांना वाचता यायची, ना मला. पण कुठल्या चित्रामागे कुठली गोष्ट आहे, ते मला पाठ होतं. बाप वर्षात महिनाभर दिसायचा. उरलेले महिने मी त्या कागदांवर काढायची.

लेबलं मी बिस्किटांच्या एका डब्यात ठेवायची, पण त्यातलं एक मात्र त्या डब्यात कधी आलंच नाही. त्यावर एक दाढीवाला म्हातारा होता, अंगात झगा, हातात पेला, डोक्यामागे पिवळं गोल तेज. आईनं ते पानावर वाळताना पाहिलं आणि पटकन कपाळा-छातीवर क्रूस केला. "अगं, हा तर संत! देवळात मिस्सा करतोय." दुसऱ्या दिवशी तिनं त्याला काच घालून घरातल्या आल्तारावर, देवाच्या फळीवर ठेवला, मारियाबाईच्या शेजारी. आम्ही रोज संध्याकाळी त्याच्यापुढे रोझरी म्हणायला लागलो. ज्यांचे नवरे बोटीवर होते त्या बायकाही येऊन मेणबत्ती लावून जायच्या. बाबांनी मला अंगणात नेऊन सांगितलं, की तो मठाच्या तळघरात बसून दारू चाखणारा साधू आहे आणि मागचं तेज म्हणजे पिंपाचं बूड. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण आईला सांगू नको हं," म्हणाले. "तिनं मेणबत्ती लावलीय."

मी चौदा वर्षांची असताना बाबा गेले. परमुलखातल्या कुठल्याशा बंदरात तापानं गेले. कंपनीचा माणूस सांगायला आला, तोवर तिकडे त्यांना मातीसुद्धा देऊन झाली होती. प्रेत नाही, कबर नाही, घरात त्यांचा फोटोही नाही. फादरनी मिस्सा केली, गाव जेवून गेलं. मी लेबलांचा तो पत्र्याचा डबा उघडून बसले. बाप म्हणून माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं.

मग दारूबंदी आली. चिंचोटीकडे भट्ट्या फोडल्या, पोलीस आता वटारात घरोघर झडती घेणार, अशी आवई उठली आणि काकांची पाचावर धारण बसली. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. अंगणापलीकडे राहायचे, आणि बाबांच्या मागे आमच्या घरातही त्यांचाच शब्द चालायचा. भर दुपारी आले ते सरळ माझ्या ट्रंकेकडे. डबा काढून बगलेत मारला.

"हे सगळं आत्ताच्या आत्ता चुलीत घालायचं."

"कागद पितात का, काका?" मी वाट अडवून उभी राहिले.

"तोंड चालवू नकोस! कागद म्हणजे पुरावा. सगळ्यांना खडी फोडायला पाठवशील."

तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आधी तुमच्या केळीच्या खुंटाशी पुरलेली भरलेली बाटली काढा," मी म्हटलं. "नंतर माझ्या रिकाम्या कागदांना हात लावा."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण माघार घेतील तर ते काका कसले! तरातरा चुलीपाशी गेले, डब्याचं झाकण उघडलं. मग आल्ताराकडे बघून म्हणाले, "देवाचा तेवढा राहू दे. बाकी सगळं चुलीत."

मला ते सहन झालं नाही. बाबांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी चुलीत, आणि दारू चाखणारा म्हातारा तेवढा फ्रेमीत? "मग तोही घाला," मी ओरडले. "तोही दारूचाच कागद आहे. बाबांनीच सांगितलं मला." बोलले ते बोलले. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आई भाजी चिरत होती. विळीवरून उठली, फ्रेम खाली घेतली, काच पदरानं पुसली आणि त्या म्हाताऱ्याकडे नीट बघितलं.

"संत नाही?"

"नाही."

"बरं." तिनं फ्रेम होती तिथेच परत ठेवली. "मी त्याच्यापुढे माझ्या नवऱ्यासाठी गुडघे टेकलेत. ते काही खोटं नव्हतं. भावोजी, डबा खाली ठेवा."

माझ्या आईनं थोरल्या दिराकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. काका नुसते गुरगुरले, "तुरुंगात जाशील."

"जाईन की! पण परवा मृतांचा दिवस. सगळा गाव कबरींना चुना लावतोय. सगळ्या बायका मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसापाशी जातील. मी कुठे जाऊ? मला माझ्या नवऱ्याची कबर दाखवा, मग खुशाल जाळा." तिनं त्यांच्या हातातून डबा काढून घेतला, आल्तारावर ठेवला आणि त्याच्यापुढे मेणबत्ती लावली. मी तिथेच रडले. बाबा गेले तेव्हा इतकी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी झडती आली. हवालदार घाटावरचा, वयस्क, पावसाळी तापानं ओढलेला. पंच म्हणून काकांनाच उभं केलेलं. त्यानं आमची एकेक बाटली उघडून हुंगली. खोबरेल, शिरका, पुन्हा खोबरेल. मग आल्तारापाशी आला. डब्यासमोर मेणबत्ती जळत होती.

"ह्यात काय?" त्यानं झाकणावर हात ठेवला.

"माझा नवरा," आई म्हणाली.

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. टोपी काढली. "माफ करा बाई, माहीत नव्हतं," त्याचा आवाज एकदम खाली आला. "अस्थी पाण्यात सोडायच्या राहिल्या का?"

आमच्यात जाळत नाहीत, हे सांगायला काकांनी तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग हवालदाराला म्हणाली, "जन्मभर पाण्यावरच होते ते. आता राहू देत घरी."