थाळीचा पिंजरा

वस्तीत वेल्डर एकच, आणि त्याचं नाव पडलं होतं गळक्या. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानं वस्तीसाठी पाण्याची टाकी जोडली होती. भरली त्याच दिवशी ती एका कोपऱ्यातून ठिबकायला लागली. पत्राच गंजका दिला होता, हे तो घसा फोडून सांगत राहिला, पण लोकांना पत्र्यापेक्षा माणसाला नावं ठेवायला जास्त आवडतं. पुढे ती टाकी भंगारात गेली, तिच्या जागी प्लास्टिकची आली, तरी गळक्या तो गळक्याच राहिला. कुठे बसून चहाचा कप उचलला तरी कुणीतरी म्हणायचं, "बघ रे, ठिबकतोय का." तो हसण्यावारी न्यायचा. घरी येऊन मात्र गप्प बसायचा, आणि त्याचं ते गप्प बसणं त्याच्या बायकोला आणि लेकीला चांगलं ठाऊक होतं.

लेक एकुलती एक, आणि हुशार. पण हुशार असून करायचं काय? डोंगरावरच्या त्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायला कुणी टिकत नव्हतं. आलेला मास्तर सामान सोडायच्या आधीच परत जायची गाडी विचारायचा. फोनचा टॉवरही वस्तीपर्यंत कधी पोचला नाही. मग शाळेच्या छपरावर उपग्रहाची थाळी बसली आणि दूरच्या शहरातल्या एक शिक्षिका भिंतीवरच्या पडद्यातून रसायनशास्त्र शिकवायला लागल्या. लेक पहिल्या बाकावर जी बसली ती तिथून उठलीच नाही म्हणा ना. तिला रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. त्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा शाळेतल्याच संगणकावर, थाळीच्या भरवशावर देता येणार होती. वयाच्या अटीमुळे तिला हे शेवटचंच वर्ष होतं. यंदा हुकलं की कायमचं हुकलं, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

आणि नेमकी थाळी चोरीला गेली. चोरानं ती कशाला नेली कोण जाणे, तिच्यात धड जेवताही येत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी हातापाया पडून दुसरी थाळी मिळवली. ती येणार असं कळल्यावर वस्तीच्या लोकांनी वेल्डरला बोलावलं आणि म्हटलं, "हिला एक पिंजरा कर बाबा. पुन्हा गेली तर तिसरी कुणी देणार नाही."

त्यानं जीव ओतला. बोटाएवढ्या जाड सळया घेतल्या, त्याही इतक्या जवळजवळ लावल्या की मधून हात जाऊ नये. गारांचा मार बसू नये म्हणून वर पत्र्याची टोपी केली. दार ठेवलंच नाही. कुणीतरी कुलपाचं विचारलं तर म्हणाला, "कुलूप फुटतं. माझा टाका फुटत नाही." थाळी आली त्याच दिवशी पिंजरा छपरावर चढला, तिच्यावर बसला आणि स्लॅबमधल्या खिळ्यांना कायमचा जोडला गेला. छपरावर चढून सळीला लोंबकळून बघणाऱ्यांनी बघितलं, हलवणाऱ्यांनी हलवलं. पिंजरा तसूभर हलला नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कुणी त्याला गळक्या म्हणून हाक मारली नाही. एकजण तर चक्क 'उस्ताद' म्हणाला. घरी येऊन त्यानं ते बायकोला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना लेक ऐकते आहे ना, हेही बघून घेतलं.

त्या दिवसापासून पडद्यावरच्या शिक्षिका अडखळायला लागल्या. तोंड उघडं राहायचं, आवाज मागून यायचा, मग सगळंच काळं. बाई म्हणाल्या, ढग आहेत. ढग गेले तेव्हा म्हणाल्या, नवी थाळीच सदोष असेल, कंपनीला कळवते. वेल्डर सगळ्यांबरोबर कंपनीला शिव्या घालायचा. लेक काही बोलायची नाही. जेवढं ऐकू येईल तेवढं लिहून घ्यायची.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं त्याला कामावर जाऊ दिलं नाही. दोघं शाळेच्या अंगणात बसले. आत लेक एकटी संगणकासमोर, दाराशी बाई. परीक्षा सुरू झाली आणि थोड्याच वेळात लेक बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, पिंजरा काढा."

"काय?"

"प्रश्न उघडतायत, पण कॅमेरा सतत चालू राहायला हवा. तो तुटला की पेपर बंद होतो, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत वेळ जातच राहतो. हे मला आजच कळलं. ती थाळी आभाळात फिरणारे उपग्रह शोधत असते, बाबा. तिला वर मोकळं लागतं. तुमच्या पत्र्यानं सगळं झाकलंय."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही पिंजरा वर चढवत होतात ना, तेव्हा थाळी उघडीच होती, मी खाली वर्गात पडदा लावून बघितला होता. इतकं स्वच्छ चाललं होतं. काढा आता, बोलत बसू नका." आणि ती पळत आत गेली.

पिंजरा जोडताना भाड्यानं आणलेला जनरेटर केव्हाच परत गेला होता. कापायचं यंत्र चालवावं तर शाळेची सगळी वीज एका बॅटरीवर, यंत्र लावलं की संगणकच बंद पडायचा. तो हातकरवत घेऊन शिडी चढला. सळया कापत बसायला वेळ नव्हता, टोपीचे चार कोपरे कापले की पत्रा उचलता येणार होता. चार कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर त्याचा स्वतःचा टाका. आयुष्यात इतका पक्का टाका त्यानं कधी घातला नव्हता. पहिल्याच कोपऱ्याला करवतीचं पातं मोडलं. दुसरं लावलं. बायको धावत घरी गेली आणि होती नव्हती ती पाती घेऊन वर चढली. त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं आणि तो त्या लोखंडाला शिव्या देत होता, मग स्वतःला, मग त्या उस्ताद म्हणणाऱ्याला. कधी नव्हे ते त्याला मनापासून वाटलं, हे काम कच्चं असतं तर किती बरं झालं असतं.

"चालू आहे का?" तो वरून विचारायचा.

"गेलं," खालून बाई सांगायच्या. मग थोड्या वेळानं, "आलं." मग पुन्हा, "गेलं."

तिसरा कोपरा सुटला. चौथ्यासाठी तो थांबलाच नाही. नवराबायकोनं मिळून पत्र्याला लोंबकळून तो मागे वाकवला, आणि शेवटचा टाका पीळ खाऊन तुटला. पत्रा खाली अंगणात जाऊन आदळला.

"आलं," बाई म्हणाल्या. तो पुढचं "गेलं" ऐकायला थांबला. ते आलं नाही.

आता सळीला हात लावला तर थाळी हलेल, उभं राहिलं तर आपलंच डोकं मधे येईल, अशी भीती त्याच्या मनात बसली. त्यानं बायकोला खुणेनं खाली पाठवलं आणि स्वतः तापलेल्या स्लॅबवर पालथा झोपला. गाल भाजत होता. तरी तो जागचा हलला नाही, खोकला आला तो दाबला. खाली लेक लिहीत असेल, एवढंच डोक्यात धरून तो पडून राहिला.

बऱ्याच वेळानं शिडी वाजली. लेक वर आली आणि त्याच्याजवळ बसली.

"उठा, बाबा. संपली वेळ."

"किती झालं?" त्यानं पडल्या पडल्याच विचारलं.

"निम्मं. त्यातलं सगळं येत होतं मला. पुढचंही येत होतं."

तो उठून बसला. तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना. "मग आधी का नाही सांगितलंस गं? मी एका दिवसात कापून दिला असता."

"सांगणारच होते. रोज ठरवायचे." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मग संध्याकाळी तुम्ही यायचात आणि आज कोण कोण पिंजरा बघायला आलं होतं ते सांगायचात. माझ्या जिभेवरच येईना. वाटलं, अडखळत का होईना, चालतंय ना. परीक्षेपुरतं निभावेल."

त्याला रडू फुटलं. तो लेकीसमोर कधी रडला नव्हता. त्याला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हाताला रक्त आणि गंज होता, म्हणून त्यानं हात मागे घेतला. मग त्यानं करवत उचलली आणि समोरची सळी कापायला लागला. ती सळी आता कुणाच्याच आड येत नव्हती. तो एकसारखा कापत राहिला, पातं कुरकुरत होतं, खांदे हलत होते.

लेकीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या ना, बाबा," ती म्हणाली. "आता काही घाई नाही."