कार्डावर न मिळालेली साडी

सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याच सुमारास नवऱ्याचं कोराडीच्या वीज केंद्रातलं कंत्राटी काम सुटलं. घर चाललं ते सासऱ्यांच्या तुटपुंज्या पेन्शनवर, माझ्या पगारावर आणि माझ्या दोन क्रेडिट कार्डांवर. सासर-माहेर मिळून कॉलेज शिकलेली मी पहिली, बी.कॉम., त्यामुळे व्यवहार सगळा माझ्याकडे. दवाखान्याचं बिल कार्डावर, मग औषधं, मग किराणाही. दर महिन्याला बँक सांगेल ती कमीत कमी रक्कम मी भरायचे, व्याज चढतच जायचं. नवऱ्याला पुन्हा काम मिळालं तरी देणं कमी होईना. सासू-सासऱ्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला छोटा प्लॉट आता विकावा लागणार, हे मला दिसत होतं. घरात मात्र मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. शिकलेल्या सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

सासरे बरे झाले तर कोराडीच्या देवीची साडीनं ओटी भरीन, असं सासूबाई बोलल्या होत्या. नवरात्र आलं. मी ऑफिसमधून परस्पर जरीपटक्याच्या बाजारात गेले, हिरवी जरीकाठाची साडी निवडली आणि कार्ड पुढे केलं. गल्ल्यावरच्या बाईंनी सहज विचारलं, "ताई, नवसाची आहे का?" मी हो म्हटलं, तसं त्यांनी कार्ड परत माझ्यासमोर ठेवलं.

"बुरा मानू नका. देवीची साडी आम्ही उधारीवर नाही देत. माझ्या सासूपासूनचा नियम आहे."

"उधारी कुठे? कार्ड आहे हे. तुमचे पैसे तुम्हाला आत्ताच मिळतील."

"मले भेटतील, ताई. पण तुम्ही तर उधार घेऊनच राहिल्या ना?"

"मी ग्रॅज्युएट आहे, मला शिकवू नका," असं काहीतरी बोलून मी बाहेर पडले. 'उधार' हा शब्द मात्र बसमध्ये माझ्या शेजारीच बसला. माझ्या वडिलांनी हमाली करून मला शिकवलं, पण वाण्याकडे कधी उधारी ठेवली नाही. आणि मी इतके महिने माझ्या देण्याला 'कार्डाचं बिल' म्हणत आले होते.

दारातच सासूबाईंनी विचारलं, "काहून वं, रिकाम्या हातानं? दुकान बंद होतं का?" हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण तोंडातून खरं निघालं, सगळंच निघालं. नवरा मान खाली घालून ऐकत होता. सासरे म्हणाले, "प्लॉट विकून टाकू." सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "कोणी काही विकून नाही राहिलं. देवीनंच हिले दुकानातून वापस धाडलं. आता तिचं ऐका." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला खण आणि नारळ घेऊन ओटी भरली. म्हणाल्या, "साडी मी बोलली होती, तिनं थोडीच मागितली?"

मग काय उत्साह आला घरात. सासूबाईंच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या, तिथलं व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी. त्यातून जास्त व्याजाचं कार्ड फेडलं आणि बंद केलं. दुसऱ्या कार्डासाठी आणि पतसंस्थेच्या हप्त्यासाठी माझ्या शिकवण्या, नवऱ्याचा ओव्हरटाइम, सासऱ्यांची पेन्शन, सासूबाईंनी विकायला केलेल्या सरगुंड्या-शेवया. पैसे भरले की सगळे माझ्या मोबाइलभोवती गोळा व्हायचे, मॅच असल्यासारखे.

"किती पडले गा?" सासरे मुलाला विचारायचे.

"बाबा, आणखी पाच हजार खाली."

"मंग बॉलिंग बदलू नका."

ज्या आकड्याच्या धास्तीनं माझी झोप उडायची, त्याच आकड्याची आम्ही आता महिनाभर वाट पाहायचो. धरमपेठेत फिरायला जायचो, दुकानांच्या काचा बघायचो आणि काही न घेता हसत परत यायचो. इतकी मजा मला खरेदी करतानाही आली नव्हती.

गल्ल्यावर त्या दिवशी कोण बसलं होतं, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की मी एकटीनं सगळं सांभाळीन हा माझा हट्ट माझ्यानं सुटत नव्हता, तो तिनं सोडवला. देवीच्या पायाशी ओझं ठेवायचं, तर आधी ते घरच्यांसमोर उतरवावं लागतं. त्या बाईंना आणि त्या जगदंबेला मी रोज एकत्रच नमस्कार करते.

या महिन्यात दुसरं कार्डही बंद झालं. पाटल्या सुटून सासूबाईंच्या हातात आल्या. प्लॉट आमच्याच नावावर आहे.