पारोळ्यापर्यंत एका प्रसिद्ध माणसाबरोबर

धरणगावहून धुळ्याची पहिली एस.टी. सुटली, तेव्हा आईने खिडकीतून दिलेली कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) अजून गरम होती. दुसऱ्या हातात गाईड होते. आमच्या घरात बी. ए. झालेली मी पहिलीच. धुळ्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी वरच्या दर्जाच्या इंग्रजीचा वर्ग काढला होता. चिठ्ठी उचलायची, तिच्यावरच्या विषयावर पाच मिनिटे इंग्रजीत बोलायचे. जमले तर प्रवेश. वर्ग पूर्ण केला तर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला घेऊ, असे मुख्याध्यापकांनी कबूल केले होते.

विषय बहुधा शिक्षणच असतो, असे ऐकले होते. म्हणून गाईडमधला शिक्षणावरचा निबंध मी पाठ केला होता. आम्ही शाळेत इंग्रजी असेच शिकलो. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

एरंडोलला गाडी भरली. धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ चढले आणि दोन माणसे आपणहून उठली. "नाना, इथे बसा," कंडक्टरने माझ्या शेजारची जागा दाखवली. मी डोळे मिटून पुटपुटत होते. नानांनी बराच वेळ ऐकले.

"कोनतं स्तोत्र म्हनी ऱ्हायनी (म्हणते आहेस) व माय?"

"स्तोत्र नाही नाना, इंग्रजी आहे."

"अस्सं! मंग प्रसाद कव्हय (कधी) वाटशी?" सगळी गाडी हसली.

तेवढ्यात मागच्या एका शेतकऱ्याने पिशवीतून कापसाचा पुंजका काढून पुढे केला. नानांनी तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढला. तंतू धोतरावर ठेवला, गालाला लावला. हसणारी गाडी आता माना उंचावून पाहू लागली.

"धागा लांब शे, पन ओला शे (आहे). दोन दिन उन्हमा ठेव, मंग इक (विक)."

शेतकरी पाया पडला. "यापारीबी यास्लेच (यांनाच) इचारतस," कोणीतरी मला अभिमानाने सांगितले. पारोळ्याला नाना उतरले. खिडकीशी येऊन म्हणाले, "घाबरू नको. हात लाई दखं, मंग बोल."

धुळ्यात गल्ल्यांना क्रमांक आहेत. वर्ग चौथ्या गल्लीत होता; मी पाचव्या गल्लीत शिरले आणि एका घरी जाऊन पोचले. त्या घरच्या अक्का खापरावर मांडे (पुरणाच्या मोठ्या पोळ्या) भाजत होत्या. त्यांनी पाणी दिले, अर्धा मांडा खायला लावला आणि मगच रस्ता दाखवला.

चिठ्ठीवर 'सेलिब्रिटी' असे होते. प्रसिद्ध व्यक्ती. शब्द माहीत होता, पण तोंडातून शिक्षणाचाच निबंध बाहेर पडू लागला. तिसऱ्या वाक्याला सरांनी हात वर केला.

"ताई, हे कुणाचं बोलणं आहे?"

"गाईडचं, सर."

हशा पिकला. प्रवेशासाठी आलेल्या कॉलेजच्या मुलांनी बाके वाजवली. सर हसले नाहीत. "गाईड बसलं खाली. आता तुम्ही बोला. चार मिनिटं उरली आहेत."

माझ्या साडीला नानांच्या कापसाचा एक तंतू चिकटला होता. तो बोटांत धरला आणि बोलू लागले. ज्याच्यासाठी एस.टी.तली माणसे उठून उभी राहतात, ज्याचा फोटो कुठेही छापलेला नाही, ज्याच्या एका शब्दावर लोक आपला वर्षाचा माल दोन दिवस उन्हात ठेवतात, असा एक प्रसिद्ध माणूस मी आज सकाळी पाहिला, असे मी इंग्रजीत सांगितले. वाक्ये आखूड होती, दोनदा अडखळले; पण प्रत्येक वाक्य माझे होते. वेळ संपली तरी सरांनी थांबवले नाही. बाके पुन्हा वाजली, या वेळी वेगळी.

यादीत माझे नाव सातवे होते.

परतीच्या गाडीत पारोळ्याला नाना चढले. मी उठून जागा दिली. सकाळी सुचले नव्हते.

"व्हयनं का काम?"

"झालं नाना. तुमच्यावरच बोलले."

नानांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "इंग्रजीमा मी कसा दिखस?"

"जसे शे तसेच."

वर्ग मी पूर्ण केला आणि शाळेत लागले. माझ्या वर्गात गाईड दप्तरातच राहते. मुलांना मी सांगते, आधी हात लावून पाहा, मग बोला. त्यांना वाटते, हे वाक्य धुळ्याच्या सरांचे आहे. मी दर वर्षी दुरुस्त करते.