लुब्बर्टचा चर

गायींची खुरं तासणाऱ्या माणसाला ओल्डेव्हीन गावात मान मिळतो, पण कामावरून थेट कुणी घरात घेत नाही. लुब्बर्टला याचं कधी वाईट वाटलं नाही. दिवसभर गायींच्या मागच्या पायांशी वाकून उभ्या राहिलेल्या माणसाचा वास कसा असतो, हे त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. लाथ कुठल्या बाजूने येणार हेही ठाऊक होतं. तरी वर्षातून एकदा दुसऱ्याच बाजूने यायची.

लुब्बर्टला लोक घाबरायचे ते मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ओल्डेव्हीनची जमीन आपली आहे असं गाव म्हणतं आणि आपली आहे असं पाणी म्हणतं. हा वाद चरांनी कसाबसा मिटवून ठेवलाय. ज्याची जमीन, त्याने तिच्या कडेचा चर थंडीआधी साफ करायचा, लव्हाळं आणि गाळ काढून पाण्याला वाट द्यायची. मग पाहणी होते. पहिल्या पाहणीत चर बुजलेला दिसला तर ताकीद, दुसऱ्या पाहणीत दंड. या पाहणीवर गावातर्फे बारा वर्षं लुब्बर्ट होता. हातात खुणा केलेली काठी, पायात मांडीपर्यंतचे रबरी बूट आणि चेहऱ्यावर दयेचा मागमूस नाही.

असा तो उगाच झाला नव्हता. एका पावसाळी नोव्हेंबरात वरच्या अंगाच्या एका गड्याने चर तसाच ठेवला आणि पाणी उलटं फिरून खाली हिली बेकरीवालीच्या तळघरात शिरलं. नाताळसाठी भरलेलं सगळं पीठ भिजलं. ज्याचा चर बुजला होता त्याचं घर उंचावर, कोरडं ठणठणीत. पिठाचा चिखल बादल्यांनी उपसणाऱ्यांत लुब्बर्ट होता. त्यानंतर त्याने ती काठी मागून घेतली.

एवढा नियमाचा माणूस, आणि गावभर एकच चर्चा होती ती त्याच्याच दंडाची. या देशात प्रत्येकाने आरोग्य विमा घ्यायचाच असा कायदा आहे, आणि लुब्बर्टने तो उतरवला नव्हता.

म्हणजे आयुष्यभर होता. दर महिन्याला न चुकता हप्ता जायचा. मग बायको, फेम्मे, आजारी पडली. दीड वर्ष अंथरुणाला होती. विमा कंपनीने पैसे दिले, त्याबद्दल लुब्बर्टची तक्रार नाही. पण दर थोड्या दिवसांनी एक कागद यायचा, की बाई अजून आजारी आहेत असं डॉक्टरांकडून लिहून आणा. बाई अजून आजारी आहेत, असं लुब्बर्ट लिहून आणायचा. शेवटी एक दिवस ते लिहायची गरज उरली नाही. फेम्मेला पुरून आल्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्या नावाने एक पाकीट आलं. आत लिहिलं होतं, की प्रिय ग्राहक, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते दहा गुण द्या.

लुब्बर्टने ते पत्र चार वेळा वाचलं. मग वर्ष संपताच आपला विमा बंद केला आणि दुसरा घेतला नाही.

सरकारचं पहिलं पत्र आलं ते समजुतीचं. दुसरं दंडाचं. आता तिसऱ्याची वेळ जवळ आली होती. तोवर विमा घेतला नाही तर दंड पुन्हा होणार, आणि तरीही ऐकलं नाही तर सरकार स्वतःच एक कंपनी निवडून त्याला तिच्या दावणीला बांधणार. लुब्बर्ट म्हणायचा, बांधू देत, पण मी माझ्या पायांनी जाणार नाही.

त्याची मुलगी यान्टिने इस्पितळात मोडक्या हाडांना प्लास्टर घालायच्या खोलीत काम करायची. शनिवारी ती आली आणि कोट काढायच्या आत सुरू झाली.

"बाबा, दुसऱ्या दंडाची वाट बघताय का? पहिला फ्रेम करून लावायचाय, तसा हाही?"

"कॉफी घे," लुब्बर्ट म्हणाला.

"कॉफी घेते. तुम्ही विमा घ्या."

"मला एक सांग. मी कुणाचं काय घेतलं? चोरी केली? कुणाला धडक दिली? इस्पितळाचं बिल बुडवलं? मी काहीच केलेलं नाही. काही न केल्याबद्दल माणसाला दंड करणारं हे कुठलं सरकार?"

"उद्या गाईने लाथ मारली की काय करणार?"

"तू आहेस की प्लास्टर घालायला."

"मी घालीन. मन लावून घालीन. पण त्या प्लास्टरचे, एक्स-रेचे, त्या पलंगाचे पैसे तुम्हाला झेपणार नाहीत, ते हिली बेकरीवालीच्या हप्त्यातून जाणार, हे तिला जाऊन सांगा. पाव घेताना सांगा, म्हणजे तोंडावर तरी बोलेल."

लुब्बर्टने बिस्किटाचा डबा उघडला, एक बिस्किट तिच्या बशीत ठेवलं आणि झाकण लावलं. त्या घरात याचा अर्थ विषय संपला असा होता. यान्टिनेने झाकण उघडून दुसरं बिस्किट घेतलं. म्हणजे तिच्या बाजूने संपला नव्हता.

सुटकेची एक वाट होती, आणि ती शेजारच्या टोनिसने दाखवली. टोनिस चर्चच्या मंडळात बसणारा, रविवारी सायकलला हात न लावणारा माणूस. दुखणं देव देतो, मग त्याच्याविरुद्ध पैजेचे पैसे कसे लावायचे, असं मानणारी बरीच घरं ओल्डेव्हीनमध्ये आहेत. सरकार त्यांना विम्यातून सूट देतं. टोनिसला ती होती.

"एक सही करायची," कुंपणावर रेलून टोनिस म्हणाला. "सगळ्या तऱ्हेच्या विम्याला माझ्या मनाचा विरोध आहे, देवाला स्मरून. बस. लगेच दंड बंद."

"देवाचं आणि माझं बोलणं नाही, टोनिस."

"माहितीये. त्याची तक्रार आहे तशी."

"मग त्याच्या नावावर सवलत कशी घेऊ? नसलेली ओळख सांगितल्यासारखं होईल. नाही घेणार. मी प्रामाणिकपणे नाही म्हणतोय, तर दंडही प्रामाणिकपणे होऊ दे."

टोनिस मान हलवत गेला. लुब्बर्टला मात्र त्या संध्याकाळी स्वतःबद्दल फार बरं वाटलं. गावातली निम्मी माणसं हप्ते भरून मुकाट बसली, उरलेली देवाआड जाऊन सुटली, आणि ताठ उभा राहिला तो मी एकटा, असं काहीसं.

पुढच्याच आठवड्यात दुसरी पाहणी होती. पाहणीवरचा लुब्बर्टचा जोडीदार रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने गेला, लुब्बर्ट अलीकडच्या. चौथा चर टोनिसचा. लव्हाळं कमरेइतकं. काठी गाळात खुपसली तर पाण्याला वाट अशी राहिलीच नव्हती. पहिल्या पाहणीतही हेच होतं आणि ताकीद लुब्बर्टनेच दिली होती.

टोनिस घरातून आला. उजवा हात कोटाच्या आत घेतलेला.

"खांदा," तो म्हणाला. "कालवडीने दारावर दाबला. दाताळं उचलवत नाही."

"मग शेजारी कशाला आहे? सांगायचं."

"तुझंच तुला काय थोडं झालंय, म्हणून म्हटलं…"

"दंड लिहावा लागेल, टोनिस."

"बघ, यंदा पाऊसच झालेला नाही. माझ्या चरामुळे कुणाच्या दारात थेंब आलाय का? सांग, मी कुणाचं नुकसान केलं? मी काही केलेलंच नाही."

"तेच तर," लुब्बर्ट कागदावर लिहिता लिहिता म्हणाला. "काही न केल्याचाच दंड असतो हा. पाणी शिरल्यावर चर उपसायला येशील, तेव्हा हिलीचं पीठ भिजून गेलेलं असेल."

आणि त्याचा हात थांबला.

लुब्बर्टने काठी गाळातून उपसली, गवताला पुसली, पुन्हा गाळात खुपसली. तिथे मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "पण तूही सुटलायसच की. देवाचं नाव घेऊन."

"सुटलो?" टोनिसला खरोखर नवल वाटलं. "कुणी सांगितलं तुला? हप्ता भरत नाही, पण त्याऐवजी कर भरतो ना मी. दर वर्षी. त्यातला काही माझ्या औषधपाण्यासाठी बाजूला पडतो, बाकीचा सगळ्यांच्या. सरकारला माझा देव चालतो, लुब्बर्ट. फुकटेपणा चालत नाही."

"हे मला कधी बोलला नाहीस."

"तू सही करणार नव्हतास. मग पुढचं कशाला सांगायचं?"

लुब्बर्ट रस्त्याकडे बघत उभा राहिला. खाली वळणावर हिलीच्या बेकरीचं छप्पर दिसत होतं. एवढ्या वर्षांत ते त्याने रोज पाहिलेलं होतं, पण आत्ता त्याला वाटलं की ते फारच खालच्या अंगाला बांधलंय.

मग त्याने दंडाचा कागद पूर्ण केला, वहीतून फाडला आणि टोनिसच्या चांगल्या हातात दिला.

"दया नाही?" टोनिसने विचारलं.

"नाही. उद्या सकाळी दाताळं घेऊन येतो. तू काठावर उभा राहून काय म्हणायचं ते म्हण."

दुसऱ्या दिवशी लुब्बर्ट छातीपर्यंतच्या रबरी पोशाखात टोनिसच्या चरात उतरला. टोनिस काठावरून डाव्या हाताने दिशा दाखवत होता, जशी काही चराला दुसरी दिशा असते. दुपारपर्यंत निम्मं लव्हाळं काठावर आलं. एवढे दिवस अडून राहिलेलं काळं पाणी आधी नुसतं थरथरलं, मग एक पान घेऊन सरकलं. लुब्बर्टने ते पान नजरेआड होईपर्यंत पाहिलं. मग चरात उभ्या उभ्याच हात पोशाखाला पुसून यान्टिनेला फोन लावला.

"तो विमा कुठे उतरवायचा?"

"कुणाचं हाड मोडलं?"

"कुणाचं नाही. मी टोनिसच्या चरात उभा आहे."

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"स्वतःचा वाटा जास्तीत जास्त ठेवता येतो ना? म्हणजे पहिली लाथ माझ्या खिशातून, त्यावरची सगळ्यांच्या? तसला बघ. आणि कंपनीवर माझा विश्वास बसलाय असं समजू नकोस. तो बसायचा नाही."

"झालेल्या दंडाविरुद्ध अर्ज करता येईल," यान्टिनेचा आवाज जरा मऊ झाला. "आई गेली त्या वर्षीचं सगळं लिहू. कदाचित माफ करतील."

"नको. पाहणीच्या दिवशी माझा चर बुजलेला होता. दंड बरोबर आहे, तो मी भरणार. आईला त्यात आणायचं नाही."

सोमवारी त्याने स्वतःच कंपनीला फोन केला. फोनवरच्या पोरीने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, धंदा विचारला, आणि खुरं म्हणजे नक्की कुणाची, हेही विचारलं. सगळं झाल्यावर तिने गोड आवाजात विचारलं, की साहेब, अजून काही?

"एक अट आहे," लुब्बर्ट म्हणाला. "मी मेल्यावर मला पत्र पाठवायचं नाही. समाधानी आहे का म्हणून तर अजिबात नाही."

पोरगी अडखळली. असं लिहायला आमच्याकडे जागाच नाही, ती म्हणाली.

"मग जागा करा," लुब्बर्ट म्हणाला, "मी थांबतो." आणि खुर्ची ओढून घेऊन, फोन कानाला लावून, तो थांबला. तिने तिच्या साहेबांना विचारलं, साहेबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. तोवर लुब्बर्टने डबा उघडून एक बिस्किट खाल्लं, झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि दुसरं घेतलं.