पामटॉपवाले साहेब

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसताना अंगावर सांडेल आणि वर मलाच बोल लावाल. हसणार तर तुम्ही नक्कीच, कारण ही फजिती साधीसुधी नाही. स्वतःच्या हातानं, फूटपट्टी लावून, मोजूनमापून केलेली आहे!

मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं झाली. भूगोल, बरं का! म्हणजे मला किती लाज वाटली असेल त्याचा अंदाज येईल तुम्हाला.

तर बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या साडूंनी नवा घेतला, म्हणून आपला जुना पामटॉप मला देऊन टाकला. पामटॉप म्हणजे तळहाताएवढा संगणक. आताच्या पोरांना सांगून पटत नाही, पण त्यात फोन नव्हता. एक प्लॅस्टिकची काडी होती, तिनं टोचत बसायचं. शिवाय गाडीच्या काचेखाली ठेवायची एक काळी डबी होती. ती म्हणे आकाशातल्या उपग्रहांशी बोलायची आणि आपल्याला रस्ता सांगायची.

मी तर येडाच झालो हो! हजेरी पामटॉपात, वेळापत्रक पामटॉपात, किराण्याची यादी पामटॉपात. दुकानात मी काडीनं यादी उघडेपर्यंत माझ्या मागची चार गिऱ्हाईकं सामान घेऊन घरी पोचायची. एकदा कॉलेजच्या शोकसभेत, सगळे मान खाली घालून उभे असताना, माझ्या खिशात 'दूध आणणे'चा गजर वाजला. प्राचार्यांनी अजून माफ केलेलं नाही.

माझी बायको मंगला म्हणायची, "त्या काडीनं निदान दात तरी कोरा, काहीतरी उपयोग होईल."

आता नंदूचं ऐका. माझी थोरली बहीण दर्यापूरकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. तिचा हा एकुलता एक. सात एकर शेती, स्वतः राबणारा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण ते दिवस नापिकीचे आणि कर्जाचे, तुम्हाला ठाऊक आहेच. पेपर उघडला की आमच्या वऱ्हाडाचंच नाव, आणि एकदाही चांगल्या कारणासाठी नाही. आठवड्याला एक सरकारी पाहणी पथक यायचं. कोणी दिल्लीचं, कोणी मुंबईचं. पांढऱ्या गाड्यांतून उतरायचे, लिहून घ्यायचे, आणि धुरळा उडवत जायचे. अशात शेतकऱ्याच्या पोराला मुलगी कोण देणार? 'नोकरी कुठे?' हा पहिला प्रश्न. शेती म्हटलं की मुलीचा बाप अर्धा चहा ठेवून उठायचा. नंदूचं तीन ठिकाणी असंच फिसकटलं होतं.

चौथं स्थळ आलं बाळापूरच्या पलीकडचं, सोनपिंपळीचं. मुलीच्या वडिलांनी, गुलाबरावांनी निरोप धाडला, 'सकाळी अकराला या. पोरगी पाहा. पसंती झाली तर लगेच कुंकू लावून टाकू.' नंदूच्या वडिलांचा गुडघा मोडलेला, म्हणून पुढारपण माझ्याकडे आलं.

निघताना ताई मला म्हणाली, "मन्या, हे जमलंच पाह्यजे. पोट्ट्याचं गावात हसं होऊन रायलं. चौथ्यांदा नाई म्हनले तं तो पुन्हा कोनाच्या दारी जाचा नाई."

"ताई, तू फक्त बस गाडीत," मी म्हणालो. "रस्त्यापासून कुंकवापर्यंत सगळं माझ्याकडे!"

गाडी म्हणजे एका मित्राची पांढरी सुमो. चालवायला नंदू. मी पुढे, सफारी घालून, हातात पामटॉप. आता अडचण एवढीच होती की साडूंच्या नकाशात अकोला होतं, बाळापूर होतं, पण सोनपिंपळी नव्हती. मग मी काय केलं असेल? कॉलेजातल्या भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली, अंदाजानं अक्षांश-रेखांश काढले आणि टाकले यंत्रात! भूगोलाचा मास्तर ना मी! त्या नकाशावर पेन्सिलीच्या एका टिंबाखाली चार-पाच गावं सहज बसतात, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. स्वतःला शिकवायचं राहिलं.

बाळापूरचा किल्ला मागे गेला आणि फाटा आला. नंदूनं गाडी हळू केली. "मामा, इथं टपरीवर इचारून घेऊ."

"नंदू! आकाशातले सात उपग्रह आपल्याला रस्ता दाखवताहेत आणि तू पानवाल्याला विचारणार?"

आमच्याकडे रस्ता विचारणं म्हणजे नुसता रस्ता विचारणं नसतं, हेही खरं. 'कोनाच्या घरी जाता?' इथून सुरुवात. मग तुमचं आडनाव, तुमचे सोयरे, त्यांचे सोयरे. शेवटी तो माणूस स्वतःच गाडीत बसतो आणि दारापर्यंत सोडायला येतो. नेमकं हेच मला नको होतं. यंत्राची शोभा काय राहिली मग?

यंत्रातली बाई इंग्रजीत सांगेल तसे आम्ही वळलो. डांबर संपलं, गिट्टी संपली, नुसती काळी माती उरली. मागून ताईचं देवाचं नाव घेणं सुरू झालं. आणि एका गावाच्या वेशीत बाई म्हणाली, "यू हॅव अराइव्ह्ड!"

समोर पाहतो तर काय! मांडव घातलेला, खुर्च्यांना पांढरे कपडे, रांगोळी, पाण्याच्या बाटल्या, आणि पन्नास-साठ माणसं उठून उभी. मी ताईला म्हणालो, "बघ, शेतकऱ्याला मुलगी देतात, पण थाट बघ केवढा!"

मी उतरलो. एका हातात पामटॉप, एका हातात काडी. एक टोपीवाले गृहस्थ धावत आले. "या साहेब, या! आमाले वाटलं तुमी येतच नाई!"

"रस्ता जरा खराब होता."

"रस्त्याचंच तं सांगाचं हाये तुमाले!"

माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. ताईला बायकांनी खुर्चीवर बसवून 'म्याडम, म्याडम' सुरू केलं. नंदूला मात्र कोणी विचारलं नाही. त्याचा चहा सुमोच्या बॉनेटवरच पाठवला. मला जरा खटकलं. म्हटलं, असेल इथली रीत, नवरदेवाला लांब ठेवत असतील.

टोपीवाले म्हणाले, "साहेब, आधी नाश्ता का आधी कापूस?"

मला वाटलं, आपली शेती दाखवायची हौस असेल बिचाऱ्यांना. मी मोठ्या मनानं म्हणालो, "कापूस मागून पाहू. आधी मुलीला बोलवा."

"पोरी? शायेतल्या? त्याईनं स्वागतगीत बसोलं होतं साहेब, पन तुमी याले उशीर केला म्हनून घरी गेल्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही मंडळी सकाळपासून सरकारी पथकाची वाट पाहत होती, आणि पथक म्हणून मी उतरलो होतो! पांढरी गाडी, सफारी, हातात यंत्र. आणखी काय पाहिजे?

नंदू जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, खरं सांगा. हात जोडा अन् निघू. साडेअकरा होऊन रायले."

मी सांगणारही होतो. अगदी शपथेवर! पण तेवढ्यात रांग लागली हो माझ्यासमोर. पुढचा माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब." तोवरच्या नोकरीत एका विद्यार्थ्यानं मला अशा आवाजात हाक मारली नव्हती. आणि मी, भूगोलाचा मास्तर, खुर्चीत बसलो, काडी उचलली आणि म्हणालो, "हं. नाव?"

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मजाच आली.

एक उंच, पांढऱ्या मिशांचा गडी रांग मोडून पुढे आला. हातात मुळासकट उपटलेलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं झाड, पानं लालभडक. "माहं आधी लिवा साहेब. देवराव. मले घाई हाये. हे पाहा, पुरं वावर लाल पडलं. तुमचं हे यंत्र पोचते ना वरपर्यंत?"

"थेट," मी म्हणालो. थेट!

एकेचाळीस नावं लिहिली मी. एकेक अक्षर काडीनं टोचून. नंदू तेवढ्या वेळात कडेच्या वावरात उतरला. पान चुरगाळून पाहत, काय फवारा, काय फवारू नका, असं चार-पाच जणांना सांगत बसला. एकजण मला म्हणालासुद्धा, "तुमचा डायवर हुशार हाये, साहेब."

गावाबाहेर पडलो तेव्हा एक वाजून गेला होता. ताई इतका वेळ लोकांसमोर गप्प होती, ती सुटली. "तुले भूगोल कोनं शिकोला रे? अन् ते शाल काढ आधी!"

मी पुढचा रस्ता पाहायला यंत्र वर केलं, तर ते काळं पडलेलं. बॅटरी खलास. नंदूनं गाडी थांबवली आणि बैलगाडीवाल्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

"सोनपिंपळी?" म्हातारा म्हणाला. "गुलाबरावाच्या अठी का? त्याईच्या घरी पाहुने येनार होते अकराले. अजून नाई आले म्हंतात. तुमीच का ते? काहून उशीर केला बाप्पा?"

पंधरा मिनिटांत आम्ही दारात होतो.

गुलाबरावांचा चेहरा पाहूनच कळलं, पाणी डोक्यावरून गेलंय. मी म्हणालो, "माफ करा, गाडी बिघडली." घ्या, आणखी एक थाप!

"बसा," ते म्हणाले. "आमचंबी एक मानूस याचंच हाये. पोरीचे मामा. त्याईच्या गावात आज सरकारी पथक आलं म्हने. नाव लिवाले अन् वावर दाखवाले थांबले, आता कपडे बदलून येऊन रायले. आमच्या घरात त्याईचा शब्द शेवटचा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. नंदूनं जमिनीकडे पाहिलं. बाहेर मोटारसायकल थांबली आणि दारात उभे राहिले पांढऱ्या मिशांचे देवराव!

"साहेब? तुमी अठी?" मग त्यांची नजर नंदूवर गेली. "अन् डायवरले आतमंदी बसोलं?"

"डायवर नाई, पोरगा होय तो," गुलाबराव म्हणाले. "अन् हे पोराचे मामा."

चुलीवरच्या कढईचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, संपलं. पहिल्या तिघांनी नंदूला शेतीपायी नाकारलं, चौथं स्थळ माझ्या सफारीपायी जाणार.

मी उभा राहिलो, हात जोडले आणि सगळं सांगितलं. फूटपट्टीपासून शालीपर्यंत. गाडी बिघडली नव्हती हेही. नंदूही देवरावांपुढे उठून उभा राहिला. "मामाजी, चूक माहीबी हाये. म्या तठीच सांगाले पाह्यजे होतं."

देवराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ते पाहू मंग. आधी माहं नाव दाखवा. लिवलं होतं का नुसती काडी फिरोली?"

मला हायसं वाटलं. निदान एवढं तरी खरं होतं! मी वायर काढली, भिंतीतल्या बटनाला लावली. नशिबानं लोडशेडिंग नव्हतं. पडदा उजळला. सगळं घर माझ्या खांद्यावरून वाकून पाहायला लागलं.

आणि यंत्र इंग्रजीत म्हणालं, 'स्वागत आहे. आपलं नाव टाका.'

बॅटरी पूर्ण संपली की त्या जुन्या पामटॉपाच्या पोटातलं सगळं साफ होतं, हे साडूंनी मला सांगितलं नव्हतं. एकेचाळीस नावं गेली, हजेरी गेली, किराणा गेला. सोनपिंपळीचे माझे ते अक्षांश-रेखांशही गेले, ते एक बरं झालं.

"काय म्हनते ते?" देवरावांनी विचारलं.

"माझं नाव विचारतंय."

"तुमचं? म्हंजे आमचं सोडा, तुमचंबी नाई रायलं त्यात?"

मी मान हलवली. देवराव असे हसले, असे हसले, की खांबाला धरून खाली बसले.

"गुलाबराव, म्या उगाच शक घेतला! खोटे कायचे? असली पथक होय हे! याच्या आधी तीन आले. त्याईनंबी असंच लिवून नेलं. अन् मंग इचाराले गेलो तं हेच, 'कोन तुमी? नाव सांगा!'"

सगळं घर हसलं. ताईसुद्धा, सख्खी बहीण माझी! मी तेवढा शालीची घडी करत बसलो. अशी घडी मी आयुष्यात केली नसेल.

हसू ओसरल्यावर देवराव नंदूकडे वळले. "ह्या पोट्ट्यानं मातर काईच लिवलं नाई. सिद्धा वावरात उतरला अन् काय करा ते सांगतलं. माह्याकून हो हाये." मग आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "पोरी, तुह्यं काय म्हननं हाये? लाजू नको."

मुलगी पोह्यांचं ताट घेऊन दारातच उभी होती. ताट खाली ठेवलं, पदर सावरला, आणि माझ्याकडे एकदा नीट पाहून म्हणाली, "डायवर पसंत हाये, मामा. पन लग्नात ह्या साहेबाले कोनतंच काम देऊ नका. नाईतं वरात तुमच्या गावात जाईन, अन् हे तठी पंगतीत बसून नावं लिवतीन."