खिशातले हात

गल्लीत त्याला सगळे ‘कलाकार’ म्हणत. कौतुकाने नव्हे. चाळिशी ओलांडलेला माणूस अर्धा दिवस झेरॉक्सच्या दुकानात मशीनपाशी उभा राहतो आणि उरलेला अर्धा दिवस त्याचा थकवा काढतो, त्याला गल्ली दुसरं काय म्हणणार? राहायला थोरल्या बहिणीकडे, मागच्या खोलीत. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली रंगांच्या बाटल्या ओळीत. ती ओळ कधी मोडलेली दिसली नाही. कामाचं टेबल इतकं नीटनेटकं असलं की समजावं, तिथे काम होत नाही.

मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची, एवढीच त्याची इच्छा. इच्छा खरी होती, त्यात खोट नाही. पण पुस्तक काही मिळेना. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की चित्रकाराला एजंट लागतो. तो आपली चित्रं प्रकाशकांकडे नेतो, करार जमवतो, स्वतःचा वाटा घेतो. झालं. आजवर अडलं ते एजंटापायीच, हे त्याला लगेच पटलं. असं काही पटायला त्याला वेळ लागत नसे.

दाजी जेवता जेवता म्हणाले, “घराला एजंट, विम्याला एजंट. आता चित्रातल्या सशालाही एजंट लागतो म्हण.”

तो रुसून ताटावरून उठला. मात्र ताट रिकामं करून.

पुढचे कित्येक आठवडे तो राबला. चित्रांवर नाही. स्वतःच्या नावाची कार्डं छापली, अक्षरं बारीक वाटली म्हणून पुन्हा छापली. एजंटांना पाठवायचा मेल लिहिला, खोडला, परत लिहिला. ताई शिंप्याकडून आणलेल्या शर्टांना बटणं लावत बसायची, तिला तो मजकूर वाचून दाखवायचा. ती दोरा दातांनी तोडून विचारायची, “आणि चित्रं?” चित्रं तयारच आहेत, असं तो सांगायचा. तयार होतीच. पाच वर्षांपूर्वीची.

बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. एका बाईंनी दिलं. मूळ चित्रं घेऊन या, म्हणाल्या. तेव्हापासून तो गल्लीतून असा चालू लागला की जणू पुस्तक छापूनच आलं.

बाईंची कचेरी एक अरुंद जिना चढून वर होती. भिंतभर मुलांची पुस्तकं. त्यांनी टेबलावरचे कप उचलून बाजूला ठेवले आणि चित्रं मांडली. मग उभ्यानेच, एकेक करून, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. त्याने वाक्य तयार ठेवलं होतं, पण बोलायला फट मिळेना.

“रंग छान आहेत,” त्या म्हणाल्या. “या मुलांचे हात कुठे आहेत?”

तो हसला. “खिशात.”

“सगळ्यांचे?”

सगळ्यांचे नव्हते. एक मुलगी कोपरापर्यंत गवतात उभी होती. एक पोरगा भल्यामोठ्या भोपळ्यामागे होता. राजकन्येने शाल पांघरली होती. हात त्याला कधी जमलेच नव्हते. बोटं आली की चित्र बिघडायचं, मग तो गवत वाढवायचा. माझी शैलीच तशी आहे, असं त्याने सांगून पाहिलं.

“ही शैली नाही, चुकवाचुकवी आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पुस्तकातलं पोर दार उघडतं, चिखल उडवतं, भावाचे केस ओढतं. हात नसले तर ते अख्खं पुस्तकभर करणार काय? या गवतातल्या मुलीलाच बुटाची नाडी बांधताना काढून आणा. मग तुमचं काम घ्यायचं की नाही ते बोलू.”

घरी आल्यावर त्याने सांगितलं की बाईला नजर नाही. धंदेवाईक आहे, कला कळत नाही, दुसरा एजंट बघतो. दाजींनी मान डोलावली आणि भाजी वाढून घेतली. ताईने पुढचा शर्ट ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या एजंटाला मेल लिहायला बसला. सोबत जोडायला चित्र निवडू लागला. गवतातली मुलगी घेतली, बाजूला ठेवली. भोपळा घेतला, ठेवला. ज्या चित्रांकडे तो इतकी वर्षं प्रेमाने पाहत आला, त्यांत आता त्याला नसलेले हातच दिसत होते. मेल तसाच राहिला.

तो कागद घेऊन बाहेरच्या खोलीत ताईसमोर बसला. तिच्या बोटांत सुई होती.

“ताई, जरा हात थांबव ना.”

“शर्ट संध्याकाळी द्यायचेत. चालता हात काढ.”

त्याने काढला. ताईने मान वळवून पाहिलं. “ही माझी बोटं? गाजरांची जुडी वाटते.”

गाजरंच होती, तीही वाकडी. एवढ्यासाठी कुणी त्याची पाठ थोपटायला नको. हे काम वीस वर्षांपूर्वी करायचं होतं. बाईंचं दार उघडेलच, असंही नाही. फक्त या वेळी त्याने गाजरांभोवती गवत काढलं नाही. कागद उलटला आणि पुन्हा ताईच्या अंगठ्यापासून सुरुवात केली.